खाडीकाठचा झपाटलेला बंगला: कादंबरीतलं घर नेमकं कसं उभं करावं?

पाणंद (धागाकर्ती)

एका गूढ-रहस्य कादंबरीचा आराखडा तयार आहे. जुनं बदनाम घर, नाइलाजाने तिथे राहावं लागणारा एक माणूस, आणि घरात जे आहे ते. भूत खरं आहे. शेवटच्या पानावर 'सगळे मनाचे खेळ' म्हणून हात झटकायचे नाहीत, एवढं पक्कं.

अडलंय ते घरापाशी. तीन जागा डोळ्यासमोर आहेत. एक, घोडबंदर रोडच्या मागे उल्हास खाडीला लागून, कोलशेत-बाळकुमच्या अंगाला. दुसरी येऊरच्या जंगलाच्या कडेला. तिसरी खाडीपलीकडे, घणसोली ते दिवाळे या पट्ट्यात, म्हणजे आजची नवी मुंबई. काळ आजचा घ्यावा की नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या आधीचा, हेही ठरत नाही.

बांधकाम कसं दाखवलं तर बंद खोली पटेल? घरातल्या शक्तीला नियम किती असावेत आणि कसले? ठाण्याच्या वाचकाला एकाही पानावर 'हे आपल्याकडचं नाही' असं वाटू नये, एवढीच इच्छा आहे. जाणकारांनी सढळ हाताने लिहावं.

शेवटचं_पान

विषय आवडला. वाचनखूण साठवली. एकच विनंती: पावसात बंद पडलेली अँबॅसिडर आणि कंदील घेतलेला म्हातारा माळी, या दोघांना आता सेवानिवृत्ती द्या.

चुनागच्ची

बंद खोलीपासून सुरू करतो, कारण बहुतेक कादंबऱ्या तिथेच कोसळतात. पुस्तकाची कळ दाबली की भिंत फिरते, हे आपल्याकडच्या दगडी घरात होत नाही. दोन फूट जाडीची काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली भिंत बिजागरीवर फिरणार कशी? आपल्याकडे खोली लपवायची तर दार चिणून टाकतात. आणि चिणलेली खोली हाताला लागत नाही, हिशेबाला लागते.

तो हिशेब असा. घराची बाहेरून लांबी 60 फूट धरा. आत ओळीने तीन खोल्या, प्रत्येकी 15 फूट, म्हणजे 45. तीन खोल्यांना चार भिंती, प्रत्येकी 2 फूट, म्हणजे 8. बेरीज 53. सात फूट कुठे गेले? त्यात पाचवी भिंत दोन फुटांची, राहिली पाच फुटांची जागा. पाच फुटांत माणूस आडवा झोपू शकत नाही, पण बसू शकतो. हा आकडा वाचकासमोर तुकड्यातुकड्याने ठेवा: बाहेरची लांबी एका प्रकरणात, खोल्यांची मापं दुसऱ्यात. काही वाचक तुमच्या नायकाच्या आधी बेरीज करतील आणि तुमच्यावर जीव टाकतील.

दुसरी खूण खिडक्यांची. बाहेरून मोजल्या तर आठ, आतून सात. आठवी आतून चिणलेली, पण बाहेरची झडप तशीच ठेवलेली.

तिसरी खूण मालाची. जुनी भिंत चुन्याची. चुना भट्टीतून आणून विझवायचा, पाण्याखाली मुरू द्यायचा, मग बैल फिरवतो त्या चुन्याच्या घाण्यात वाळू किंवा सुर्खीबरोबर (विटांच्या भुकटीबरोबर) मळायचा. कामाप्रमाणे गुळाचं पाणी, हिरडा. हा चुना हळूहळू, बाहेरून आत घट्ट होत जातो. दार कधी चिणलं हे मालावरून कळतं. आपल्या देशात पोरबंदरचा सिमेंट कारखाना 1914 साली सुरू झाला, त्याआधीचं सिमेंट बाहेरून यायचं आणि महाग असायचं. समजा घरच्यांची आठवण सांगते की खोली प्लेगच्या वर्षी बंद झाली, आणि गिलावा खरवडल्यावर आत सिमेंट निघालं. मग नंतर कुणीतरी ती उघडून परत बंद केली, हे एक शब्द न लिहिता सिद्ध होतं. चौकटीतले खिळे पाहा: जुना लोहारी खिळा चौकोनी आणि निमुळता, कारखान्यातला तारेचा खिळा गोल.

कौलारू

वरच्या प्रतिसादाला जोडून छपराबद्दल. घाटावरचा चौकाचा वाडा उचलून खाडीकाठी ठेवू नका. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उतरती पाखी, पुढे आलेल्या पागोळ्या, चारी बाजूंनी पडवी, उंच जोतं, हे हवंच. जांभ्याच्या भिंतीही नकोत, तो रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा दगड. ठाण्याच्या आसपास डोंगर काळ्या दगडाचे.

मंगलोरी कौलं घालताना साल बघा. मंगळूरचा बासेल मिशनचा कौलांचा कारखाना 1865 चा. घर 1850 चं म्हणालात तर वर नळीची देशी कौलंच हवीत.

छपराचे शब्द: आढं, वासे, रीप, त्यावर कौल. खाली माडीला तक्तपोशी (फळ्यांचं छत), आणि तक्तपोशी आणि कौलांच्या मधे पोटमाळा. रात्री बाहेरची हवा निवली की लाकूड आकसतं आणि जोडांतून कडकड आवाज येतो, साधारण सूर्यास्तानंतरच्या दोन-तीन तासांत. मध्यरात्रीनंतर तो थांबायला हवा. तुमच्या घरात थांबत नसेल तर तिथून गोष्ट सुरू.

चुनागच्ची

कौलारू यांनी लाकडाचा विषय काढला म्हणून दाराचं सांगतो. लाकूड पावसात फुगतं, तेही रेषांच्या आडवं, लांबीत नाही. म्हणून आषाढ-श्रावणात दार चौकटीत रुतून बसतं, खांदा लावल्याशिवाय हलत नाही. फाल्गुन-चैत्रात तेच दार सैल होतं आणि वाऱ्याने उघडतं. कादंबऱ्यांत नेमकं उलटं असतं, मुसळधार पावसात दारं आपोआप उघडतात. तुम्ही नियम आधी दाखवा. नायक तीन प्रकरणं त्या दाराला खांदा लावून दमलेला असू दे. मग भर श्रावणात ते आवाज न करता उघडू दे. लाकूड जे करू शकत नाही ते झालं, हे वाचकाला सांगावं लागणार नाही.

भिंतीवरच्या पुन्हापुन्हा उमटणाऱ्या डागाचंही तसंच. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ती वर चढते, गिलाव्यामागे क्षार साठतात, पापुद्रे सुटतात, कितीही रंग द्या, डाग परत. हे जमिनीपासून साधारण तीन-चार फुटांपर्यंत. डाग नऊ फुटांवर, पावसाची गळती नसलेल्या आतल्या भिंतीवर आला, तर मात्र गवंडीही मान हलवेल.

आणि कृपा करून चुन्यात पुरलेलं प्रेत 'विरघळवू' नका. चुना प्रेत कुजण्याची क्रिया उलट लांबवतो. वर्षांनी खोली उघडली तर अपेक्षेपेक्षा जास्त शिल्लक सापडेल.

अर्धविराम

शेवटचं वाक्य वाचून जेवण पुढे ढकललं. पण हीच गोष्ट कादंबरीच्या उपयोगाची.

नोंदवही

घर बांधून झालं असेल तर कागदांकडे या. ठाण्याचा वाचक पहिला प्रश्न हाच विचारेल: एवढी जागा इतकी वर्षं रिकामी का? बिल्डरला दिली का नाही? घोडबंदर रोडला भुताच्या भीतीने कुणी प्लॉट सोडत नाही. तेव्हा घर उभं राहण्याचं कारण कागदावर हवं, आणि प्रत्येक जागेला ते वेगळं आहे.

येऊर घेतलंत तर कारण हाताशी आहे. महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा 1975 चा. त्यानुसार सातबाऱ्याच्या इतर हक्कांत वनाची नोंद पडली की विक्री, बांधकाम सगळं अडकतं. वारस असूनही मालकी लटकलेली. शिवाय बाजूला राष्ट्रीय उद्यान.

खाडीकाठ घेतलात तर सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र), पहिली अधिसूचना 1991 ची. भरतीरेषेपासूनच्या अंतरावर बांधकाम ठरतं, कांदळवनाला तर हातही लावता येत नाही. त्यात सामाईक मिळकत घाला: मूळ पुरुष वारला, वारस नोंदीचा फेरफार झाला, चार मुलगे, त्यांची मुलं, मुली, दोघे परदेशी, एकाचा पत्ता नाही. सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत घर पडेल. जुन्या साष्टीच्या (ठाणे आणि मुंबई उपनगरांच्या बेटाच्या) जमिनींत आणखी एक पदर: तिथले सरकारी सारामाफीचे हक्क 1951 च्या साष्टी इस्टेट कायद्याने गेले. एखाद्या घराण्याचा डौल त्या साली संपला असं दाखवता येईल.

कुळकायदाही विसरू नका. 1 एप्रिल 1957, कृषक दिन. त्या तारखेला कसणारं कूळ मालक मानलं गेलं. घराभोवतीची जमीन कुळांकडे आणि मधोमध घर तेवढं मालकाचं, ही परिस्थिती बेट करून टाकते. गाव बाजूलाच आहे, पण गावाचा आणि घराचा संबंध तुटलेला. भयकथेला एकटेपणा लागतो तो असा मिळतो, जंगल लागतंच असं नाही.

विटावा_नाका

नोंदवही, जबरदस्त. आजच्या काळात एकटेपणा दाखवणं महाकठीण आहे. घोडबंदर रोडवर जड वाहनं रात्रीच सुटतात, किंकाळी फोडली तर ट्रेलरच्या आवाजात विरून जाईल. मोबाइलला रेंज नाही म्हणावं तर समोरच्या पस्तीस मजली टॉवरवर खांब.

तिथीवार

मी फक्त पाण्याबद्दल लिहितो, कारण तिथे सर्रास गफलत दिसते.

खाडीची भरती घड्याळाने येत नाही, तिथीने येते. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: पक्षातली तिथी घ्या, पाऊणपट करा, तो भरतीचा ठोकळ तास. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, द्वादशीला 9. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईला भरती बाराच्या सुमारास, दुपारी आणि मध्यरात्री. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं, म्हणजे तीच भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. ठाण्याकडे पाणी आत पोचायला आणखी वेळ लागतो, अर्धा-एक तास पुढे धरा.

आता 'पौर्णिमेची मध्यरात्र, ओहोटीचा चिखल, त्यात उमटलेली पावलं' हा प्रसंग तपासा. पौर्णिमेच्या मध्यरात्री भरती असते, तीही उधाणाची. चिखल दिसणारच नाही, पाणी बांधाला लागलेलं असेल. ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातला.

मध्यरात्री चिखल हवा असेल तर अष्टमी घ्या. वद्य अष्टमी घेतलीत तर चंद्रही मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो.

खाडीपल्याड

तिथीवार यांच्याशी सहमत, पण एक दुरुस्ती. अष्टमीला मध्यरात्री ओहोटी असते हे खरं, मात्र ती भांगाची. भांगाला पाणी फार चढत नाही तसं फार मागेही जात नाही. लांबवर पसरलेला चिखल उधाणाच्या ओहोटीलाच उघडा पडतो. तेव्हा अष्टमीच्या रात्री तिवरांच्या मुळांशी थोडा चिखल आणि पुढे पाणी, एवढंच लिहा. मैलभर उघडी खाडी हवी असेल तर पौर्णिमेची पहाट. मावळता चंद्र पश्चिमेला, म्हणजे घणसोली-दिवाळेच्या बाजूच्या घरातून बघितलं तर थेट खाडीवर. मागे पूर्वेला पारसिकचा डोंगर, त्यामुळे सूर्य उशिरा दिसतो. प्रसंग आपोआप लांबतो.

चिखलातून पळणं मात्र दाखवू नका. गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि चप्पल तिथेच राहते. सवयीचा माणूसही तिथे पाऊल सपाट टाकून, न थांबता, हळू चालतो. पाठलाग करणाऱ्याचे पाय रुतत नाहीत, एवढंच दाखवा.

तिथीवार

दुरुस्ती मान्य. मावळत्या चंद्राची कल्पना माझ्यापेक्षा सरस.

रातकिडा

प्राण्यांविषयी. गव्हाणी घुबड जुन्या घराच्या पोटमाळ्यात राहतं, अंग फिकट, उडताना आवाज शून्य, आणि 'घू घू' करत नाही, चिरकतं. त्याची पिल्लं रात्रभर फुत्कारतात, माणसाच्या घोरण्यासारखं वाटतं. उदमांजरं तक्तपोशीवरून चालतात तेव्हा पावलं स्पष्ट ऐकू येतात. या खुलाशांचा उपयोग करा: नायक एकेक आवाज शोधून काढतो, प्रत्येकाचं कारण सापडतं, वाचक निवांत होतो. मग एक आवाज उरतो.

कोल्हेही आहेत, नवी मुंबईच्या कांदळवनात आजही. कोल्हेकुई लिहायला लाजू नका.

येऊर घेणार असाल तर बिबट्या आहे आणि पाड्यांवर वाघोबाला मानतात. वारली माणसं कथेत आली तर ती घाबरवायला किंवा 'तिकडे जाऊ नका साहेब' म्हणायला आणू नका. जंगलाचं सर्वांत नेमकं ज्ञान त्यांच्याकडे असतं, त्या ज्ञानाला कथेत काम द्या.

शेवटचं_पान

भुतावळीवर कुणीच बोलत नाही? मुंजा, हडळ, खवीस, गिऱ्हा, चकवा, कोकण केवढं श्रीमंत आहे!

ओटीवरचा

आहेच, पण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. मुंजा पिंपळावरचा, मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. गिऱ्हा पाण्यातला. आसरा सात, त्याही पाण्याशी, आणि त्यांना लोक ओटी भरतात, त्यांना चेटकिणी करू नका. वेताळ कित्येक गावांत देव म्हणून पुजला जातो, त्याला खलनायक केलंत तर गाव दुखावेल. चकवा वाट चुकवतो, घरात त्याचं काम नाही. घराला, धनाला, जमिनीच्या वादाला चिकटून राहतो तो समंध. वारस नसताना, वासना अडकलेली असताना गेलेला माणूस. नोंदवहींनी वर जी सामाईक मिळकत मांडली आहे तिच्याशी याचं नातं सरळ जुळतं. समंधाला रक्त नको असतं, त्याला हक्क हवा असतो.

आणि कथा आजची असेल, त्यात मांत्रिक येणार असेल, तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी असतो. मारहाण करून भूत उतरवणं हा गुन्हा. हे तुमच्या एखाद्या पात्राला ठाऊक असायला हवं.

अर्धविराम

समंधाचा मुद्दा मोलाचा. आता लेखनाच्या बाजूने लिहितो.

सत्तर हजार शब्दांची कादंबरी धरली तर पहिली खटकणारी गोष्ट पहिल्या चार-पाच हजारांत यायला हवी, पण ती भीतीदायक नको. नुसती न जुळणारी. सात खिडक्या हे उत्तम उदाहरण. भीती तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात. शक्तीचं पूर्ण दर्शन दोन तृतीयांशाच्या आत नकोच. दिसली की तिची ताकद मोजली जाते, मग वाढवत न्यावी लागते, आणि तिथून कथा आरडाओरड्याकडे घसरते.

नियम एक. फार तर दीड. ती शक्ती काय करू शकते यापेक्षा काय करू शकत नाही हे ठरवा. ती उंबरा ओलांडू शकत नाही, किंवा बोलावल्याशिवाय बोलत नाही, जे असेल ते. मग शेवटपर्यंत तो नियम मोडू नका, स्वतःच्या सोयीसाठी तर अजिबात नको. नायकाची सुटका व्हायची तर त्याच नियमातून व्हावी, नाश व्हायचा तरी त्यातूनच.

प्रत्येक प्रकरण किंकाळीवर संपवू नका. तीनदा केलं की वाचक चौथ्यांदा पुढच्या पानावर मांजर निघणार हे ओळखून असतो.

पाणंद (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पूर्वेतिहासासाठी प्लेगचा काळ डोक्यात होताच, चुनागच्चींनीही उल्लेख केला. त्यावर कुणी सांगेल का? आणि नायक कोण, तिथे का राहतो, हे अजून अधांतरी आहे.

नोंदवही

प्लेग मुंबईत 1896 च्या सप्टेंबरात ओळखला गेला आणि शहरातून लोकांचे लोंढे बाहेर पडले. ठाण्यापर्यंत रेल्वे 1853 पासून होतीच. तुमचा मिठागरवाला किंवा व्यापारी मालक कुटुंबाला घेऊन खाडीपलीकडे येतो, घाईने घर पुरं करतो, हे त्या काळात बसतं. 1897 चा साथरोग कायदा, त्यानंतरच्या तपासण्या. रोग झालेल्या घरांची कौलं उतरवून ऊन आत सोडायचे, जमिनी उकरायचे, भिंतींना चुना मारायचे. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू.एच.एच.' अशी अक्षरं रंगवलेली असत. घरातल्या आजाऱ्याला अधिकारी घेऊन जाऊ नयेत म्हणून लपवून ठेवणं, हे त्या काळात सर्रास घडत होतं. पाच फुटांची खोली कशासाठी बांधली याचं उत्तर इथे आहे. खजिन्यासाठी नव्हे. आजारी माणसासाठी.

नायकाविषयी सुचवतो. 1970-71, खाडीपलीकडचा पट्टा. सिडको 17 मार्च 1970 ला स्थापन झाली, ठाणे-पनवेल-उरणकडच्या 95 गावांची जमीन संपादनात आली. वाशीचा पूल 1973 चा, म्हणजे तुमच्या कथेत तो नाही. मुंबई समोर दिसते, पण जायचं तर ठाण्यावरून वळसा किंवा होडी. त्या काळी संपादनासाठी घर, विहीर, झाडं सगळ्यांची मोजणी आणि मूल्यांकन व्हायचं; आंबा किती, माड किती, एकेक झाड कागदावर. तुमचा नायक मोजणीदार करा. 33 फुटांची साखळी, फूटपट्टी, नकाशाचा कागद. मोजणं हेच त्याचं काम, म्हणून सात फूट हरवलेले सर्वांत आधी त्यालाच कळणार. काम संपल्याशिवाय निघता येत नाही, म्हणून राहणार.

चुनागच्ची

वा! मोजणीदार हाच नायक. मी वर बेरीज मांडली ती या माणसाचीच होती.

अर्धविराम

पूर्ण सहमत. 'हा पळून का जात नाही' या प्रश्नाचं उत्तर नोकरी, हे फार चांगलं उत्तर आहे.

विटावा_नाका

1971 च्या भिंतीवर कालनिर्णय टांगू नका, ते 1973 पासूनचं. त्या सालचं जुनं पंचांग मिळवा, तिथीवार यांचा हिशेबही त्यातूनच निघेल.

अवांतर: घरात जुनं लंबकाचं घड्याळ ठेवा. मुंबईची स्थानिक वेळ आजच्या प्रमाणवेळेपेक्षा 39 मिनिटं मागे होती. प्रमाणवेळ 1906 ला आली, तरी मुंबई महापालिका 1955 पर्यंत जुनीच वेळ धरून होती. नायक रोज घड्याळ लावतो आणि सकाळी ते बरोबर 39 मिनिटं मागे. सगळे प्रकार त्या घड्याळाने घडतात.

तिथीवार

कल्पना छान, पण मग पाण्याचं काय? माझ्या मते त्या घरातलं सगळं भरतीने घडावं. पहिल्या रात्री जे अकराला घडलं ते दुसऱ्या रात्री अकरा पन्नासला, तिसऱ्या रात्री पाऊण वाजण्याच्या आसपास. नायक वेळा लिहून ठेवतो कारण त्याला नोंदी ठेवायची सवय आहे. वेळा का सरकतात हे त्याला कळत नाही. गावातल्या कोळणीला एका नजरेत कळतं.

अर्धविराम

दोन्हींपैकी एकच घ्या, पाणंद. घड्याळ आणि भरती दोन्ही घेतलीत तर वाचक मिनिटं जुळवत बसेल. माझं मत भरतीला. घड्याळाचे 39 मिनिटं एकदाच उलगडतात आणि संपतात. भरती रोज पुढे सरकते, म्हणजे अमुक रात्री ती वेळ कधी गाठेल हे मोजता येतं. वाट बघायला लावणं हेच तर या लेखनाचं काम.

कौलारू

मी घड्याळाच्या बाजूने. भरतीचा नियम पुस्तकी वाटेल, घड्याळ खोलीत दिसतं, ऐकू येतं.

खाडीपल्याड

भरतीही घरात आणता येते. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी भरती-ओहोटीबरोबर थोडं वर-खाली होतं, आणि एप्रिल-मे मध्ये गोड्या पाण्याची पातळी उतरली की मचूळ लागतं. रहाटाच्या दोराला गाठी बांधून पातळी मोजता येते. विहीर मागीलदारी, स्वयंपाकघराजवळ ठेवा, मग नियमाचं दर्शन घरातूनच.

ओटीवरचा

आणि समंधाला हक्क हवा असतो हे मी वर म्हटलं. मोजणीदार त्या घराची किंमत लावायला आला आहे. संघर्ष आयता तयार आहे. भरपाईच्या निवाड्यात मालक म्हणून कुणाचं नाव लिहायचं, यावर सगळी कादंबरी उभी राहील.

नोंदवही

याला एक पक्का कायदेशीर आधार देतो. 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 4 नुसार त्या काळी अधिकाऱ्याला जमिनीत शिरून मोजणी करता यायची, खोदताही यायचं. मात्र राहत्या घरात किंवा घराच्या बंदिस्त आवारात शिरायचं तर राहणाऱ्याची संमती लागायची, नाहीतर किमान सात दिवस आधी लेखी नोटीस. आणि नोटीस बजावायची पद्धत कलम 45 मध्ये होती: त्या माणसाच्या हाती, तो सापडला नाही तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रौढ पुरुषाकडे, तोही नसेल तर बाहेरच्या दारावर डकवायची. तेव्हा तुमचं पहिलं प्रकरण नोटीस डकवण्याचं. सात दिवसांनी नायक येतो, तर नोटीस दारावर नाही, आणि कार्यालयात तिची पोच मोडीत सही करून आलेली आहे.

कथेत मृत्यू झाला तर गावचा पोलीस पाटील वर्दी देईल, अकस्मात मृत्यूची नोंद होईल, पंचनामा होईल. हे टप्पे टाळू नका, सरकारी भाषेतला कोरडा पंचनामा अर्ध्या पानावर जसाच्या तसा दिलात तर वर्णनापेक्षा जास्त काम करेल.

शेवटचं_पान

मोडीतली पोच!! आता लिहाच, थांबू नका.

पाणंद (धागाकर्ती)

ठरलं. खाडीपलीकडे, 1971, मोजणीदार, समंध, आणि नियम भरतीचा. कौलारू, घड्याळ घरात असेल, पण बंद. येऊर पुढच्या पुस्तकासाठी राखून ठेवते.

शेवटचा एक प्रश्न खाडीपल्याड यांना. घराच्या पश्चिमेला खाडीचं खारं पाणी अडवणारा खारबंदिस्तीचा बांध दाखवायचा आहे. त्यातली उघाडी नेमकी कशी चालते? रात्री तिचा आवाज येतो का?

खाडीपल्याड

येतो. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातून जाणारी मोरी, खाडीच्या तोंडाला वरून टांगलेली लाकडी झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरती चढली की खाडीचं पाणी बाहेरून दाबतं आणि झडप आपली आपण मिटते. कुणी हात लावायचा नसतो. मिटताना एकदम आपटत नाही. पाणी समपातळीला आलं की आधी लाटेबरोबर काही वेळ ठक ठक करते, मग दाबली जाऊन गप्प होते. दिवसातून दोनदा, आणि रोज तीच पन्नास मिनिटं उशिरा. तुमच्या नियमाचा आवाज हाच.

बिघडते ती दोन कारणांनी. झडपेत फांदी किंवा गाळ अडकला की ती अर्धवट उघडी राहते आणि खारं पाणी शेतात शिरतं. भात जळतो आणि जमिनीतलं मीठ धुऊन जायला पुढचे पावसाळे लागतात. दुसरं म्हणजे खेकडे मोरीच्या कडेने बांध पोखरतात, पाणी झडपेला वळसा घालून त्या भोकांतून आत येतं, आणि उधाणाला बांध तिथेच फुटतो. फुटलेल्या बांधाला लगेच माती टाकून उपयोग नसतो, ती वाहून जाते. भांगाची वाट बघायची, मेढी ठोकायच्या, पेंढा आणि चिखल थराथराने भरायचा, आणि पुढच्या उधाणाच्या आत काम पुरं करायचं. भांग ते उधाण म्हणजे जेमतेम आठवडा. तुमच्या मोजणीदाराच्या नोटिशीची मुदतही तेवढीच आहे, दोन्ही एकाच अष्टमीपासून सुरू करा.